फुकटची १६० एकर

आजचा एपिसोड एका शेतकऱ्याबद्दल आहे. नाव चार्ल्स इंगल्स. जन्म १८३६ चा, न्यू यॉर्क राज्यातला. मृत्यू १९०२, साउथ डकोटामध्ये. 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' ही पुस्तकं किंवा ती जुनी टीव्ही सीरियल माहीत असेल, तर त्यातला 'पा' म्हणजे हाच. लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर ही त्याची मुलगी.

पुस्तकातला पा म्हणजे दाढीवाला, फिडल वाजवणारा, स्वतःच्या हातानं घर बांधणारा माणूस. कुणापुढे हात न पसरणारा. मला तो आवडतोच. पण माझं रोजचं काम डेटाचं, त्यामुळे गोष्ट वाचली की मागचे रेकॉर्ड बघायची खोड आहे. आणि या माणसाचे रेकॉर्ड भरपूर आहेत: जनगणना, जमिनीचे कागद, शिवाय लॉराची आधी लिहिलेली आठवणवही, जी 'पायोनियर गर्ल' नावानं थेट २०१४ मध्ये छापून आली. त्यातून दिसणारा शेतकरी वेगळा आहे. तो आयुष्यभर शेती करायला बघतो, आणि घर मात्र चालतं दुसऱ्याच कुठल्यातरी पैशावर.

आधी थोडा संदर्भ. प्रेअरी म्हणजे अमेरिकेच्या मधोमध पसरलेलं अफाट गवताळ माळरान. १८६२ मध्ये लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली. कायदा साधा होता: १६० एकर सरकारी जमीन घ्या, किरकोळ फी भरा, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसा, मग ती तुमची. ऐकायला ऑफर जबरदस्त आहे ना? पण जमीन 'रिकामी' होती असं जे म्हणतात ते सोडून द्या. १८६९ मध्ये चार्ल्स बायको-मुलींना घेऊन कॅन्ससला गेला आणि जिथे घर बांधलं ती जमीन ओसेज लोकांची होती, त्यांच्या राखीव प्रदेशातली. तिथे घर बांधायचा कुठलाच कायदेशीर हक्क त्याच्याकडे नव्हता. १८७१ मध्ये इंगल्स कुटुंब तिथून निघालं. ओसेज लोकांनाही त्याच सुमारास कॅन्ससमधून हलवलं गेलं, आजच्या ओक्लाहोमात. इंगल्सना परत जायला विस्कॉन्सिन होतं. ओसेजना तसं काही नव्हतं.

मग १८७४. मिनेसोटातलं वॉलनट ग्रोव्ह, प्लम क्रीक नावाच्या ओढ्याकाठची जमीन. इथे जरा थांबतो, कारण सगळा खेळ इथे बिघडला. पुस्तकात पा येणाऱ्या गव्हाच्या भरवशावर उधारीवर लाकूड आणून घर बांधतो. गहू उभा राहतो, आणि टोळधाड येते. रॉकी माउंटन टोळ. हे किडे आकाश झाकून टाकायचे; गहू, भाजीपाला, गवत, काही सोडायचे नाहीत. त्याहून वाईट म्हणजे जाताना जमिनीत अंडी घालून जायचे. म्हणजे पुढच्या वर्षीचं पीकही आजच गेलं. पेरायचं तरी कशाला?

चार्ल्स सुगीच्या मजुरीसाठी पूर्वेकडे चालत गेला, दुसऱ्यांच्या शेतावर. सरकारी मदतीचं पीठ हवं असेल तर शपथेवर लिहून द्यावं लागायचं की माझ्याकडे जगायचं काहीही साधन नाही. चार्ल्सनं ते लिहून दिलं आणि पिठाची दोन अर्धी पिंपं घरी आणली. हा प्रसंग पुस्तकात नाही. मला तरी तिथे तो हवा होता. पोरांना उपाशी न ठेवण्यासाठी केलेली ती सही मला त्या लाकडी घराइतकीच मोठी वाटते.

पुढचं वर्ष तर पुस्तकांनी पूर्णच गाळलंय. १८७६ मध्ये जमीन विकली. ऑगस्टमध्ये नऊ महिन्यांचा मुलगा, फ्रेडी, गेला. मग आयोवातलं बर ओक गाव, तिथल्या हॉटेलात अख्ख्या कुटुंबानं राबायचं. शेवटी देणी फिटेनात, म्हणून रातोरात गाव सोडलं. हे लॉरानंच आठवणवहीत लिहून ठेवलंय. मुलांच्या पुस्तकात घ्यायचं नाही असं तिनं ठरवलं असणार, आणि ते समजण्यासारखं आहे.

१८७९ मध्ये थोरली मेरी आजारपणात आंधळी झाली. त्याच वर्षी चार्ल्सनं रेल्वेत नोकरी धरली. रूळ टाकणाऱ्या मजुरांच्या कॅम्पवर दुकान आणि हिशेब सांभाळायचे, पगार महिना ५० डॉलर. याच नोकरीमुळे तो डकोटात पोचला आणि १८८० मध्ये डी स्मेट गावाजवळ होमस्टेडचा अर्ज केला. लगेचचा हिवाळा भयानक निघाला. बर्फात रेल्वे कित्येक महिने बंद. घरात कॉफीच्या गिरणीत गहू दळायचा आणि गवत पिळून त्याच्या जुड्या चुलीत घालायच्या, कारण माळावर सरपण येणार कुठून?

१८८६ मध्ये जमीन नावावर झाली. म्हणजे तो जिंकला, नाही का? १८८७ मध्ये त्यानं गावात घर बांधलं आणि १८९२ मध्ये ती १६० एकर विकून टाकली. तोवर तो सुतारकाम करत होता, गावची लहानमोठी पदं सांभाळत होता, पुढे विमाही विकला. मेरीच्या अंधशाळेचा खर्च डकोटाच्या सरकारनं उचलला होता. रेल्वेचा पगार, सरकारी पीठ, सरकारी फी, गावातली सुतारकी. याला कुणी 'एकट्याच्या जिद्दीवर उभा राहिलेला शेतकरी' म्हटलं की मला जरा हसू येतं. जिद्द होतीच हो. पण निव्वळ जिद्दीवर कोरड्या माळावर गहू उगवत नाही.

८ जून १९०२ ला हृदयविकारानं तो त्या गावातल्या घरीच गेला. वय ६६. लॉरा मिसूरीहून रेल्वेनं शेवटची भेट घ्यायला आली होती.

आणि ते टोळ? जिवंत रॉकी माउंटन टोळ शेवटचा पकडला गेला तोही १९०२ मध्येच, कॅनडात. नंतर ती जातच नामशेष झाली. जेफ्री लॉकवूड या कीटकशास्त्रज्ञाची मांडणी अशी की, डोंगरातल्या ज्या नदीखोऱ्यांत हे टोळ कायम अंडी घालायचे, तीच खोरी नव्या शेतकऱ्यांनी नांगरली आणि गुरं चारून तुडवली. कुणी ठरवून केलं नव्हतं.

चार्ल्सनं होमस्टेडवर बायको आणि चार मुलींसाठी मिळून पाच कॉटनवुडची झाडं लावली होती. डी स्मेटला गेलात तर त्याची झाडं आजही दाखवतात. गावातलं घरही आहे, आता म्युझियम झालंय. आयुष्यात सगळ्यात जास्त काळ, १५ वर्षं, तो राहिला ते याच घरात.