आग विझवतो आम्ही, हक्कही आमचा
(पाड्यावरच्या सभेतलं भाषण)



बंब नगरपरिषदेचा, त्यावरची पगारी माणसं शहरात. सड्यावरचं वाळलं गवत पेटलं की बंब येईपर्यंत थांबतं काय? पायवाटेवर तो चढतही नाही. म्हणून ओला टाळ नि कोयती घेऊन आपणच धावतो. गेल्या शिमग्याआधी आपण रात्रभर खपून काजूची बाग वाचवली. सकाळी आपल्यालाच विचारलं, "तुम्हीच लावली ना?"

१९२७ च्या वन कायद्याचं कलम ७९ म्हणतं, जंगलात हक्क असणाऱ्यानं आग विझवायला मदत केलीच पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ जंगल राखायचा अधिकार हक्कदारांना नि ग्रामसभेला देतं. राखणं आपल्या माथी, मग आपले दावे धूळ खात का पडलेत?

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून. त्याच्या आत ग्रामसभेत ठराव करूया: जाळरेषेचं काम गावाला, त्याची पुरी मजुरी, विझवणाऱ्याला साधनं नि विमा, आणि दाव्यांचा निकाल.

आपणही शपथ घेऊ. शिकारीसाठी, मधासाठी काडी टाकायची नाही. बिडी विझवूनच टाकायची. मग बोट दाखवायला कुणाला जागाच उरणार नाही.

जिंदाबाद!