खेळ, हात आणि हत्यार

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण मराठी घरांत इतक्या वेळां उच्चारली जाते कीं, अंगण कधीं कधीं खरोखरच वांकडें असूं शकेल, हा विचार कोणाच्या मनाला शिवतच नाहीं. हरणारानें साधनाला दोष देऊं नये ही शिकवण चांगली आहे. परंतु साधनाचा दोष कधींच नसतो, असें तींतून निष्पन्न होत नाहीं. संगणकावरील खेळांच्या बाबतींत हा प्रश्न आज घरोघर उपस्थित होत आहे, आणि त्याचा निकाल बहुधा या एका म्हणीनेंच लावला जात आहे.

दिवाळीच्या सुटींत बुलढाणा जिल्ह्यांतील चिखली, मेहकर किंवा खामगांव यांपैकीं कोणत्याहि गांवीं एखाद्या घरांत डोकावलें, तर पुढील देखावा दृष्टीस पडण्याचा संभव फार. पुण्याहून आलेला आतेभाऊ पिशवींतून ओंजळींत मावेल एवढें गेमपॅड बाहेर काढतो. घरचा मामेभाऊ अभ्यासासाठीं घेतलेल्या संगणकाचा कीबोर्ड आणि माऊस पुढें ओढतो. मोटारींच्या शर्यतींत पाहुणा ओळीनें तीन वेळां जिंकतो. मग नेमबाजीचा खेळ लागतो आणि घरचा मुलगा पाहुण्याला क्षणभर उभें राहूं देत नाहीं. “आजोबा, याच्याजवळ माऊस आहे म्हणून हा जिंकतो,” अशी एकाची तक्रार. “मघाशीं शर्यतींत तुझ्याजवळ गेमपॅड होतें, तेव्हां कांहीं बोलला नाहींस तो!” असें दुसऱ्याचें उत्तर. आजोबा वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां ती म्हण ऐकवतात आणि खटला निकालांत निघतो. निकाल लागतो खरा, पण न्याय होतो काय? दोन्ही मुलांचें म्हणणें खरें आहे. तें कसें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम या साधनांचा स्वभाव ओळखला पाहिजे. खेळणारा माणूस यंत्राला क्षणोक्षणीं कांहीं तरी सांगत असतो, आणि तें सांगण्याची प्रत्येक साधनाची भाषा निराळी असते. कीबोर्डाची कळ ‘हो’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच सांगूं शकते. घरांतील दिव्याचें बटण जोरानें दाबलें म्हणून दिवा अधिक उजळत नाहीं, तसेंच हें. चार कळा चार दिशांच्या. दोन एकदम दाबल्या तर तिरकी दिशा मिळते. म्हणजे एकंदर आठ दिशा झाल्या. नववी दिशा कळांच्या कोशांत नाहीं. गेमपॅडवर आंगठ्याखालीं जी लहानशी दांडी असते, ती ‘किती’ हें सांगते. ती किंचित् कलविली तर खेळांतील माणूस चालतो, पुरती कलविली तर धांवतो. आणि ती वर्तुळांत कोणत्याहि बाजूस कलवितां येते. माऊस ‘कोठें’ हें सांगतो. हात टेबलावर चार बोटें सरकला कीं पडद्यावरील खूण त्या मानानें सरकते, आणि हात थांबला कीं खूणहि थांबते.

दांडी आणि माऊस यांतील भेद वरवर क्षुल्लक वाटतो. पण सगळ्या वादाचें मूळ तेथेंच आहे. दांडी वेग सांगते, माऊस जागा सांगतो. ‘नकाशांत लोणार दाखव’ म्हटल्यावर विद्यार्थी त्या ठिकाणीं नेमकें बोट ठेवतो, तसें माऊसचें काम. उलट, आगगाडी शेगांवच्या फलाटाशीं नेमकी उभी करावयाची तर चालकाला वेग केव्हां कमी करावा, याचा अंदाज अगोदरच बांधावा लागतो. तसें दांडीचें काम. थोडा उशीर झाला तर गाडी पुढें जाते, थोडी घाई झाली तर अलीकडे राहते. म्हणून ज्या खेळांत पडद्यावरील एका बिंदूवर निमिषार्धांत नेम धरावयाचा, तेथें माऊसवाला पुढें जातो, यांत त्याच्या हाताचें कौशल्य असतें, तसाच साधनाचाहि वांटा असतो.

शर्यतीच्या खेळांत नेमका उलटा प्रकार होतो. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरतांना राजूर घाट लागतो. त्या घाटांतून ज्यानें गाडी चालविली आहे, त्यास सुकाणूचें चाक किती सूक्ष्म मापानें फिरवावें लागतें, हें सांगावयास नको. आतां अशी कल्पना करावी कीं, तें चाक एक तर पुरतें डावीकडे वळतें किंवा पुरतें उजवीकडे. मधलें कांहीं त्यास ठाऊक नाहीं. कीबोर्डावर मोटार हांकणाराची स्थिति अशी असते. कांहीं खेळ कळेचा धक्का आपल्याकडून सौम्य करून घेतात आणि खेळणाराहि कळेवर टिचक्या मारून वळण साधतो. तरी तें निभावून नेणेंच होय. मेहकर आणि सिंदखेडराजा या तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धि महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर तें खपून जाईल. घाटांत खपणार नाहीं. गेमपॅडच्या पाठीमागें तर्जनीखालीं जे खटके असतात, तेहि ‘किती’ सांगणारे असतात. त्यामुळें इंधन आणि गतिरोधक हीं दोन्ही मोटारीच्या पावट्यांप्रमाणें थोडीं-अधिक दाबतां येतात. शंकरपटांत बैल पळविणारा धुरकरी कासरा केवळ ओढतो किंवा सोडतो असें नव्हे. तो किती ओढावा, हें त्याच्या हाताला कळतें. तेंच ज्ञान येथें आंगठ्याला आणि तर्जनीला होतें.

या साधनांचा इतिहास पाहिला तरी त्यांच्या स्वभावाचा उलगडा होतो. १९५८ सालीं अमेरिकेंतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं टेनिसचा एक खेळ मांडला. खेळणाराच्या हातीं त्यानें एक फिरकी आणि एक बटण दिलें; फिरकीनें चेंडूचा कोन ठरवावयाचा आणि बटणानें चेंडू मारावयाचा. १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार झाला. प्रारंभीं तो संगणकाच्या अंगावरील खटक्यांनींच खेळत. त्यामुळें कोंपरें दुखत, आणि पडद्याच्या जवळ असणारास अधिक चांगलें दिसे. तेव्हां ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनीं प्रत्येक खेळाडूसाठीं खटक्यांची निराळी पेटी करून दिली. आजच्या गेमपॅडचा हा पूर्वज दुखऱ्या कोंपरांच्या आणि समान संधीच्या गरजेंतून जन्मास आला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कीबोर्ड आणि माऊस यांचा जन्म मात्र खेळासाठीं झालेला नाहीं. कीबोर्डावरील अक्षरांची मांडणी ख्रिस्तोफर शोल्स याच्या टंकलेखनयंत्राची आहे. तें यंत्र १८७४ सालीं रेमिंग्टन कारखान्यानें बाजारांत आणलें. माऊसची कल्पना डग्लस एंगेलबार्ट याची. त्याचा पहिला माऊस १९६४ सालीं तयार झाला. तो लांकडी होता आणि त्याला दोन चाकें होतीं. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें एंगेलबार्टनें तें साधन जाहीर रीतीनें दाखविलें, तें लेखांची जुळवाजुळव करण्यासाठीं. म्हणजे एक कारकुनाचें साधन आणि दुसरें संशोधकाचें. खेळाडूंनीं तीं उसनीं घेतलीं. इकडे जपानांत निन्टेन्डो कंपनीच्या गुनपेइ योकोइ यानें १९८२ सालीं अधिक चिन्हाच्या आकाराची दिशाकळ योजिली, आणि १९८३ सालीं त्या कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राबरोबर ती घरोघर गेली. १९९६ सालीं त्याच कंपनीनें आंगठ्याची दांडी आणली, आणि १९९७ सालीं सोनी कंपनीनें एका गेमपॅडवर दोन दांड्या बसविल्या. त्याच १९९७ सालीं डेनिस फाँग या तरुणानें ‘क्वेक’ या नेमबाजीच्या खेळाची एक मोठी स्पर्धा जिंकली आणि खेळाचा एक कर्ता जॉन कारमॅक याची स्वतःची फेरारी मोटार बक्षीस मिळविली. उजव्या हातीं माऊस आणि डाव्या हाताचीं बोटें डब्ल्यू, ए, एस, डी या चार अक्षरांवर, ही त्याची रीत तेव्हांपासून जगभर रूढ झाली.

आज गेमपॅडवाला आणि माऊसवाला एकाच सामन्यांत समोरासमोर येतात. ‘फोर्टनाइट’, ‘वॉरझोन’ अशा खेळांत गेमपॅडवाल्याची अडचण ओळखून खेळच त्याला थोडा हात देतो: नेमाची खूण शत्रूच्या जवळ आली कीं ती किंचित् मंदावते अथवा त्याच्याकडे ओढली जाते. माऊसवाले म्हणतात, ही लबाडी; गेमपॅडवाले म्हणतात, ही भरपाई. किती साहाय्य दिलें म्हणजे न्याय होतो आणि किती दिलें म्हणजे अन्याय, हें मोठमोठ्या कंपन्यांनाहि कायमचें ठरवितां आलेलें नाहीं. मग आजोबांचा निकाल चुकला तर नवल नाहीं. २०२३ सालीं हांगचौ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळांना प्रथमच पदकें ठेवण्यांत आलीं. तेथें ‘लीग ऑफ लेजेंड्स’ कीबोर्ड-माऊसवर खेळला गेला, मुष्टियुद्धाचा ‘स्ट्रीट फायटर’ हातांतील दांडीबटणांवर, आणि कांहीं खेळ तर मोबाइलवर. श्रेष्ठ साधन एकच असतें, तर ही विविधता दिसली नसती.

परंतु साधनाचा विचार केवळ जयापजयापुरता नाहीं. मुलाचा हात ज्या साधनावर तयार होतो, ती तयारी त्याच्याजवळ पुढें राहते. महाराष्ट्र शासनाच्या लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठीं मिनिटास मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द या वेगाचें प्रमाणपत्र लागतें, आणि त्यासाठीं तालुक्याच्या गांवीं टंकलेखनाच्या वर्गांतून मुलें बसतात. कीबोर्डावर खेळणाऱ्या मुलाला कळांचें भय उरत नाहीं, हा लाभ खराच. पण एक सूक्ष्म अडचण आहे. टंकलेखनांत डाव्या हाताची करंगळी ए वर, अनामिका एस वर, मधलें बोट डी वर आणि तर्जनी एफ वर असते. खेळांत सगळा हात एक घर डावीकडे सरकतो: अनामिका ए वर आणि तर्जनी डी वर जाते. अशा मुलानें वर्गांत जातांना हाताला पुन्हा आपलें घर दाखविलें पाहिजे. एफ आणि जे या कळांवर जो बारीक उंचवटा असतो, तो त्यासाठींच. डोळे मिटूनहि तर्जनीला तो सांपडतो.

आणि ज्याचा एक हात अधू आहे, किंवा ज्याचीं बोटें मनाप्रमाणें वळत नाहींत, त्या मुलाचें काय? दोन्ही आंगठे आणि दोन्ही तर्जनी मागणारें गेमपॅड त्याला परकें. दोन्ही हात मागणारा कीबोर्ड-माऊसहि परका. अशांसाठीं २०१८ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें एक साधन काढलें. त्यावर तळहातानें दाबतां येतील अशीं दोन मोठीं बटणें आहेत, आणि पाय, कोंपर, हनुवटी यांपैकीं जें चालेल त्यानें दाबावयाचे खटके त्यास जोडतां येतात. अशा मुलाला कोणी ती म्हण ऐकविली, तर ती शिकवण राहत नाहीं, क्रौर्य होतें. त्याचें अंगण खरोखरच वांकडें होतें. तें कोणी तरी सरळ करून दिलें, तेव्हां तो नाचूं लागला.

राहतां राहिला खरेदीचा प्रश्न. कीबोर्ड आणि माऊस संगणकाबरोबर घरांत असतातच. तेव्हां पहिलें वर्ष त्यांवरच काढणें शहाणपणाचें. मुलाचा ओढा नेमबाजी, व्यूहरचना किंवा ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या सैन्य हलविण्याच्या खेळांकडे असेल, तर निराळें कांहींच घ्यावयास नको. मोटारी, फुटबॉल, उड्या मारीत जाण्याचे खेळ, यांत मन रमत असेल तर गेमपॅड सार्थकीं लागेल. घेतांना दांडीची चौकशी करावी. साध्या गेमपॅडांत दांडीखालीं घांसणारा भाग असतो. तो झिजला कीं कोणी हात न लावतांहि खेळांतील माणूस आपण होऊन चालूं लागतो. चुंबकावर चालणाऱ्या दांडींत तशी घांसण नसते. हलक्या कीबोर्डांत तीन-चार विशिष्ट कळा एकदम दाबल्या असतां एखादी हुकते. ती परीक्षा दुकानांतच करावी. माऊससाठीं टेबल कोंपराच्या उंचीचें असावें. पलंगावर मांडी घालून मनगट मुडपीत बसणें बरें नव्हे. गेमपॅड मांडीवर घेऊन पाठ टेकून बसतां येतें, हा त्याचा गुण वडीलधाऱ्यांनीं अवश्य जमेस धरावा. आणि नवें साधन हातीं आल्यावर निदान पंधरा दिवस तरी त्यास दोष देऊं नये; तेवढा वेळ हाताला नवी भाषा शिकण्यास लागतोच.

आतां त्या दोन भावांकडे वळावें. कबड्डींत अर्धा डाव संपला कीं बाजू बदलतात. मैदानाचा जो कांहीं गुणदोष असेल, तो दोन्ही संघांच्या वांट्यास सारखा यावा, हा त्यांतील हेतु. त्याच न्यायानें अर्ध्या खेळानंतर पाहुण्यानें माऊस घ्यावा आणि घरच्यानें गेमपॅड. पहिल्या डावांत दोघेहि चुकतील, एकमेकांस हंसतील, आणि दुसऱ्याचें यश कशानें बनलें होतें, हें तोंडानें न सांगतां हाताला कळेल. आजोबांनीं त्या वेळीं वर्तमानपत्र बाजूला ठेवून जवळ येऊन बसावें. म्हण ऐकवण्याचा त्यांचा अधिकार कोणी काढून घेत नाहीं. ती ऐकवण्यापूर्वीं चष्मा लावून अंगण एकदां पाहून घ्यावें, इतकेंच.