वस्तुचित्र आणि पाहण्याचे शिक्षण

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत चित्रकलेचे शिक्षण बहुतांशी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या, कला संचालनालयाकडून घेतल्या जाणाऱ्या शासकीय रेखाकला परीक्षांभोवती आखलेले असते. त्यांत संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे भाग असले, तरी विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती वस्तुचित्रात, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू पाहून काढायच्या चित्रात. पितळी तांब्याचे तोंड गोल असते हे ठाऊक असल्यामुळे तो प्रारंभी ते गोलच काढतो. परंतु डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या तांब्याचे तोंड लंबवर्तुळाकार दिसते आणि तळाची कड त्याहून अधिक वक्र भासते, हे हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर प्रमाण मोजू लागल्यावरच त्याच्या ध्यानात येते. ठाऊक असलेले बाजूला सारून दिसणारे स्वीकारण्याची ही शिस्त अन्य कोणत्याही तासाला इतक्या थेटपणे लागत नाही, आणि म्हणूनच दहावीच्या वाढीव गुणांपुरते या विषयाकडे पाहणे अन्यायाचे आहे. स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीतून रेखाटलेल्या प्रसंगचित्रात, हीच नजर वर्गाबाहेर जाते. आठवडी बाजारातील भाजीवालीची बैठक किंवा ओझे उचलणाऱ्या हमालाच्या पाठीचा बाक विद्यार्थी कागदाविनाही टिपू लागतो.