घमेल्याखालचा चेहरा

जुन्या जालन्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. सासरे आणि आमचे हे फोटो काढायचे; मागच्या अंधाऱ्या खोलीत, म्हणजे डार्करूममध्ये, छापायचं काम माझ्याकडे. त्यातली एक निगेटिव्ह अजून आठवते.

अंबडकडची एक बाई ती घेऊन आली. १९७२च्या दुष्काळात तिची आई खडीच्या कामावर होती, तिथं कुणीतरी काढलेला फोटो. आई वारलेली, दुसरा फोटो नाही. आधी एका ठिकाणी चेहरा पेन्सिलीनं रंगवून दिला होता. ती म्हणाली, "ताई, ही माझी आई नाहीच."

निगेटिव्ह खिडकीपाशी धरली. भर दुपारचं ऊन, डोक्यावर घमेलं, त्याची सावली तोंडावर. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. आभाळ आणि खडीचा ढीग काळाकुट्ट, चेहरा जवळजवळ कोरा. पण भिंगातून नाकाची कड दिसली, चमकीचा ठिपका दिसला. एवढं असलं की छापता येतं. तेवढंही नसेल तर गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणावं.

सॉफ्ट कागदावर चेहरा चिखलासारखा आला. हार्ड कागदावर खडी पांढरीफटक. मग नॉर्मल कागद घेतला आणि पट्टीवर चार, आठ, बारा, सोळा सेकंद उजेड देऊन पाहिला. बारा बरे वाटले. सायकलच्या तारेला पुठ्ठ्याची रुपयाएवढी चकती लावली आणि बारातले पाच सेकंद ती चेहऱ्यावर धरली. धरली म्हणजे सारखी हलवत ठेवली; हात थांबला की भोवती पांढरं कडं उमटतं. मग मिठाईच्या खोक्याच्या झाकणाला भोक पाडून त्यातून खडीला आणि आभाळाला आणखी वीस सेकंद उजेड दिला.

पहिल्या दोन छाप्या वाया गेल्या. दुसरी तर मीच घाईनं औषधातून लवकर उचलली. काळं पडतंय असं वाटून सगळेच उचलतात, पण लाल दिव्यात छापी असते त्यापेक्षा गडद दिसते. पुरती दोन मिनिटं राहू द्यावी. तिसरीला खडी फिकी वाटली, तेव्हा ट्रेमध्येच त्या जागी बोटं चोळली; हाताच्या उबेनं तिथं औषध जोरात चालतं. मेटॉलची खाज मात्र आठवडाभर सोसली.

उन्हाळ्यात औषध वीस अंशांवर ठेवायला ट्रेखाली बर्फाची परात लागायची. खरी अडचण धुण्याची. हायपो कागदात राहिला की फोटो पिवळा पडतो. पुस्तकात लिहिलेलं, तासभर वाहत्या पाण्यात धुवा. जालन्यात वाहतं पाणी कुठलं! मी बादलीचं पाणी दहा वेळा बदललं. शेवटचं, जवळजवळ स्वच्छ पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला ठेवलं.

बाईनं फोटो हातात घेतला, बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चमकी डाव्या बाजूलाच घालायची ती." आणि भावासाठी आणखी एक प्रत मागितली. तीही तशीच हातानं करावी लागली, आणि खरं सांगते, पहिलीसारखी तंतोतंत आली नाही.