बुळकांडीचा पाठलाग

ज्या अंबाजोगाईने निजामी अमलात मोमिनाबाद या नावाने घोडदळाची छावणी पाहिली आणि जिच्या परिसरात देवणी व लाल कंधारी बैलांच्या खांद्यांवर शेतीचा भार राहिला, तेथील जाणत्या मंडळींस आल्फ्रेड लिंगार्ड हे नाव ठाऊक असावयास हवे. ब्रिटिश सरकारने १८८९ साली पुण्यात काढलेल्या जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेचा कारभार या संशोधकाकडे सोपविण्यात आला. घोड्यांना क्षीण करून मारणारा सरा हा रोग त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय. त्याचे सूक्ष्म परोपजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्येच घोड्यांच्या रक्तात पाहिले होते. परंतु खरा कहर गुरांच्या बुळकांडी या रोगाचा: जनावरास ताप भरे, डोळे गळू लागत, तोंडात व्रण पडत, मग ढाळ लागून ते काही दिवसांतच गतप्राण होई. इतक्या संसर्गजन्य रोगाचे प्रयोग भरवस्तीजवळ करणे धोक्याचे, म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली, आणि हा निर्णय मला अत्यंत दूरदर्शी वाटतो. तेथेच पुढे जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या शरीरांतून वारंवार नेऊन सौम्य केला व त्यातून गुरांसाठी लस सिद्ध झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशव्यापी लसीकरणाची मोहीम चालली. भारतातील अखेरचा उद्रेक १९९५ मधला, आणि २०११ साली अवघे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले.