माणसे आधी, निधी मागाहून

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



एखाद्या शाळेचा साठ वर्षांचा इतिहास जाणून घ्यायचा असेल, तर तिच्या निकालपत्रांपेक्षा प्रवेशअर्जांवरचे पत्ते अधिक बोलके ठरतात. दिल्लीतील मराठी शाळेच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. आरंभीच्या अर्जांवर पहाडगंज, करोल बाग अशा चालत येण्याजोग्या वस्त्यांची नावे. त्यानंतर सरोजिनी नगर, रामकृष्ण पुरम यांसारख्या सरकारी वसाहती. पुढे यमुनेपलीकडची पूर्व दिल्ली आणि अलीकडच्या काळात नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम. शाळा जागची हलली नाही. मुले मात्र दर पिढीत तिच्यापासून दूर जात राहिली.

या पत्त्यांत जे दिसते तेच जनगणनेतही दिसते. २००१ ते २०११ या दशकात नवी दिल्ली आणि मध्य दिल्ली या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली नाही, उलट घटली. त्याच दशकात शेजारच्या गुडगाव जिल्ह्याची लोकसंख्या सत्तर टक्क्यांहून अधिक वाढली. कुटुंबे बाहेर पडली ती स्वखुशीने की नाइलाजाने, हा प्रश्न घरोघरी वेगळा. परंतु ती नेमकी कोठे जावीत हे ठरवण्यासाठी देशाने एक स्वतंत्र कायदा केला होता, एक मंडळ स्थापन केले होते आणि त्याच्या हाती निधीही दिला होता, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कुटुंबे त्या आराखड्याप्रमाणे गेली नाहीत. असे का झाले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

१९०१ साली दिल्लीची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती. १९४१ साली ती नऊ लाखांवर गेली आणि फाळणीच्या लोंढ्यानंतर, १९५१ साली, साडेसतरा लाखांच्या घरात पोहोचली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. या धक्क्यातून सावरत असताना १९६२ साली दिल्लीचा पहिला महायोजना आराखडा मंजूर झाला. राजधानी एकटी फुगत राहू नये म्हणून गाझियाबाद, फरिदाबाद, बल्लभगढ, गुडगाव, बहादुरगड, लोणी अशी भोवतालची गावे वाढवावीत, हा विचार त्या आराखड्यातच होता. अडचण अशी की ही गावे उत्तर प्रदेशात किंवा तेव्हाच्या पंजाबात आणि आराखडा दिल्लीचा. शेजाऱ्याच्या अंगणात झाड लावण्याचा बेत आखता येतो. त्याला पाणी कोण घालणार, हे ठरवता येत नाही.

१९८१ साली दिल्ली बासष्ट लाखांवर गेली. त्यानंतर हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या राज्यांच्या संमतीने संसदेने १९८५ साली राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा केला. मंडळाची दोन कामे ठरली: संपूर्ण क्षेत्राचा एक आराखडा करणे आणि तो अमलात यावा म्हणून राज्यांना अर्थसाहाय्य देणे. राज्ये वेगवेगळी, पण क्षेत्र एक, ही कल्पना भारतात त्या काळी नवी होती.

मंडळाचा पहिला आराखडा १९८९ साली लागू झाला. वाढ अशीच चालू राहिली तर २००१ साली दिल्लीत १३२ लाख माणसे असतील, असा त्यातला अंदाज होता. त्यांपैकी वीस लाखांचा ओघ बाहेर वळवून दिल्ली ११२ लाखांवर थोपवायची, हे उद्दिष्ट होते. त्यासाठी तीन वर्तुळे कल्पिली गेली. पहिले दिल्लीचे. दुसरे दिल्लीला खेटून असलेल्या गुडगाव, फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडा यांचे. येथे वाढ बेताचीच होऊ द्यायची. तिसरे त्यापलीकडचे. मेरठ, हापुड, बुलंदशहर-खुर्जा, पानिपत, रोहतक, पलवल, रेवाडी-धारूहेडा-भिवाडी आणि अलवर या ठिकाणी निधी ओतून वाढ मुद्दाम घडवून आणायची. शिवाय क्षेत्राच्या बाहेरची ग्वाल्हेर, कोटा, बरेली, पतियाळा आणि हिसार ही पाच शहरे ‘काउंटर मॅग्नेट’ म्हणून निवडली गेली. दिल्लीकडे निघालेल्या माणसाला वाटेतच उलटी ओढ लावणारी शहरे, असा त्या शब्दाचा अर्थ.

२००१ साली जनगणना झाली. दिल्लीची लोकसंख्या साडेअडतीस लाखांनी एक कोटीपुढे, म्हणजे १३८.५ लाख भरली. ११२ लाखांचे उद्दिष्ट तर दूरच राहिले. काहीच केले नाही तर काय होईल, याचा जो अंदाज होता तोही ओलांडला गेला. दिल्लीबाहेर जी वाढ झाली तिचा मोठा भाग, जेथे बेताने वाढायचे ठरले होते त्या दुसऱ्या वर्तुळातच झाला. निधीने दाखवलेली वाट एक आणि माणसांनी धरलेली वाट दुसरी, असे चित्र दिसू लागले.

या विसंगतीचे पहिले कारण उघड आहे. माणूस रोजगारामागे जातो. नोएडाचे औद्योगिक प्राधिकरण मंडळाच्या कायद्याआधीच, १९७६ साली, स्थापन झाले होते. हरियाणाने १९७५ सालच्या कायद्याने खाजगी विकासकांना परवाने देऊन वसाहती उभारण्याचा मार्ग मोकळा केला होता. १९८३च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती मोटार बाहेर पडली. नव्वदच्या दशकात विमानतळाच्या सान्निध्यामुळे बहुराष्ट्रीय कंपन्यांची कार्यालये तेथे आली. या निर्णयांपैकी एकही राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या आराखड्याची वाट पाहत थांबला नव्हता.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे आणि ते निधीच्या स्वरूपातच दडलेले आहे. मंडळाचे साहाय्य मुख्यतः कर्जाच्या रूपाने मिळते. प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा हिस्सा सवलतीच्या व्याजाने मिळतो. उरलेली रक्कम राज्याने किंवा त्याच्या विकास प्राधिकरणाने घालायची आणि कर्ज ठरलेल्या मुदतीत फेडायचे. व्यवहार म्हणून ही पद्धत निर्दोष आहे. पैसा बुडत नाही, फिरत राहतो. परंतु कर्ज त्यालाच घेता येते ज्याला ते फेडता येते. सुरुवातीच्या काळात म्हणूनच कर्जाचा मोठा भाग जमीन संपादून, तिचे भूखंड पाडून विकण्याच्या योजनांकडे गेला. भूखंड लवकर विकला जातो आणि हप्ता भरता येतो. जेथे जमिनीला आधीच मागणी आहे तेथे तो चढ्या भावाने विकला जातो. मलनिःसारणाची वाहिनी कोणी विकत घेत नाही. छोट्या नगरपालिकेजवळ प्रकल्प अहवाल तयार करायला अभियंता नसतो, स्वतःचा हिस्सा घालायला शिल्लक नसते आणि पाणीपट्टी वसूल करण्याची ताकदही नसते. अशा रीतीने, मागे राहिलेल्या गावाला पुढे आणण्यासाठी उभारलेला निधी पुढे गेलेल्या गावाकडेच सहज वाहतो. पुढे मंडळाने पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते आणि वीजवहन यांसाठी अधिक कर्जे दिली, ही सुधारणा खरी. तरी कर्जाचा स्वभाव त्यामुळे बदलला नाही.

ग्वाल्हेरचे उदाहरण मराठी माणसाला जवळचे आहे. शिंद्यांच्या या राजधानीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. काउंटर मॅग्नेट म्हणून ग्वाल्हेरच्या पश्चिमेस नवे नगर वसवण्यासाठी विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. जमीन घेतली गेली, रस्ते आखले गेले, भूखंड पडले. दशके लोटली तरी तेथे वस्ती विरळच राहिली. दिल्लीची ओढ तोडायची तर ग्वाल्हेरला दिल्लीसारखे काहीतरी देता यायला हवे होते: रोजगार, रुग्णालय, महाविद्यालय. रस्त्यावरचे दिवे पाहून कोणी बिऱ्हाड हलवत नाही.

याउलट कोटा. २००१ साली सुमारे सात लाख लोकवस्ती असलेले हे शहर २०११ साली दहा लाखांवर गेले. ही ओढ निर्माण झाली ती मुख्यतः शिकवणी वर्गांमुळे. शिक्षक आले, त्यांच्यामागे विद्यार्थी आले, विद्यार्थ्यांमागे खाणावळी आणि वसतिगृहे आली. त्या व्यवस्थेने कोवळ्या मुलांवर टाकलेला ताण सर्वांच्या परिचयाचा आहे आणि कोट्याचे अनुकरण व्हावे असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. येणारी मुले दोन-तीन वर्षांनी निघून जातात, हेही खरे. परंतु नगररचनेच्या दृष्टीने त्यातून एक धडा मिळतो. शिक्षण हे शहराच्या वाढीमागून येणारी सोय नसून वाढीचे कारण होऊ शकते.

महाराष्ट्राच्या अनुभवातून या चर्चेत दोन गोष्टींची भर पडते. पहिली नवी मुंबईची. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि जमिनीच्या विक्रीतून शहर उभारण्याचे धोरण तिने स्वीकारले. तरीही खाडीपलीकडचे हे शहर दीर्घकाळ संथच वाढले. घाऊक बाजारपेठा तेथे हलवल्या गेल्या आणि १९९२ साली मानखुर्दहून वाशीला लोकलगाडी पोहोचली, तेव्हा त्याने वेग घेतला. त्या मार्गाच्या खर्चाचा मोठा वाटा सिडकोने उचलला होता. मंत्रालय मात्र मूळ कल्पनेप्रमाणे तेथे गेले नाही आणि मुंबईचा भार त्या प्रमाणात हलका झाला नाही.

दुसरी गोष्ट एका शब्दाची आहे: अनुशेष. १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे मोजले आणि ती तूट रुपयांत मांडली. १९८४च्या अहवालात ती सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाली. त्या मोजमापाने विदर्भ-मराठवाड्याचे प्रश्न सुटले नाहीत. ठरलेला पैसा ठरलेल्या ठिकाणी पोहोचत नाही ही तक्रारही पुढे कायम राहिली. पण मागासलेपण ही भावना न राहता आकडा झाला, आणि आकड्याचा जाब विचारता येतो. दिल्लीच्या क्षेत्रातील गावांचा असा अनुशेष निघाला पाहिजे. माणशी पाणी किती, रुग्णालयातील खाटा किती, सांडपाण्याच्या वाहिनीला जोडलेली घरे किती, चालत जाता येईल अशी शाळा किती मुलांना आहे, हे गावोगाव मोजावे. जेथे तूट मोठी तेथे निधीचा काही भाग कर्ज म्हणून न देता अनुदान म्हणून द्यावा आणि छोट्या नगरपालिकांना प्रकल्प आखणारी माणसेही पुरवावीत. फेडण्याची ऐपत ही निधीची एकमेव कसोटी राहिली, तर समतोल हा शब्द केवळ आराखड्याच्या प्रस्तावनेत उरेल.

आज क्षेत्राचा विस्तार सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरांवर गेला आहे. दिल्ली-मेरठ हा ८२ किलोमीटरांचा जलद रेल्वेमार्ग केंद्र आणि राज्ये यांच्या संयुक्त कंपनीने हाती घेतला आणि त्याचा पहिला टप्पा २०२३च्या ऑक्टोबरात सुरू झाला. चार राज्यांच्या क्षेत्रासाठी एकत्र काम होऊ शकते, याचा हा मोठा पुरावा आहे. मात्र गाडी दोन्ही दिशांनी धावते. मेरठमध्ये रोजगार आणि चांगल्या संस्था वाढल्या तर ती मेरठला समर्थ करील. न वाढल्या तर मेरठ हे दिल्लीत काम करणाऱ्यांचे रात्रीच्या मुक्कामाचे गाव होईल. याचा निर्णय रूळ करत नाहीत. रुळांबरोबर आणखी कशावर पैसा खर्च झाला, यावर तो ठरतो.

या साऱ्याचा शाळेशी संबंध काय? मध्य दिल्लीत शाळेच्या खोल्या आहेत. मुले तीस-चाळीस किलोमीटरांवर आहेत. पहिलीतल्या मुलाने रोज दीड तास बसमध्ये बसावे, असे कोणत्या आईला वाटेल? ती घराजवळची शाळा निवडते. त्यात भाषेविषयीची अनास्था नसते, अंतराचा हिशेब असतो. परप्रांतात भाषा टिकते ती शेजारामुळे. शेजार मोडला की सणासुदीपुरती भाषा उरते. नव्या शहरांच्या नकाशावर शाळेसाठी भूखंड राखलेला असतो. तो कोणाला परवडेल, लहान भाषिक समाजाच्या संस्थेला त्यात वाव आहे का, हे नकाशा सांगत नाही. ते विचारावे लागते.

विचारण्याची जागा राज्यघटनेने दिलेली आहे. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले आणि मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद झाली. आराखड्यांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतात. बहुतेक घरांत त्या जाहिराती रद्दीत जातात. या शाळेतून बाहेर पडलेल्यांत अभियंते आहेत, लेखापाल आहेत, सरकारी सेवेत आयुष्य घालवलेले आहेत. गाझियाबादच्या किंवा गुरुग्रामच्या प्रभागात अशा दहा जणांनी वर्षातून एकदा एकत्र बसून मसुदा वाचला आणि पाणी, बस व शाळा या तीनच बाबींवर लेखी सूचना दिल्या, तरी ते मोठे काम होईल.

साठ वर्षांपूर्वी काही माणसांनी परक्या शहरात, वस्ती जेथे होती तेथे, शाळा काढली. त्यांनी माणसे पाहिली आणि मग वर्ग भरवले. सरकारी निधीने नेमका हाच क्रम शिकायचा आहे: माणूस काय पाहून घर करतो हे आधी ओळखावे आणि पैसा तेथे न्यावा. तो क्रम जेव्हा रुजेल तेव्हा पुढच्या साठ वर्षांतील प्रवेशअर्जांवर कोणतेही पत्ते असोत, त्या पत्त्यांपासून चालत जाता येईल अशी एखादी शाळा तेथे असेल.