अग्रक्रम गरजेचा की पैशाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

संगणकांच्या जाळ्यातील वाहतुकीत अग्रक्रम कोणाला द्यावा, हा आजचा विषय आपल्यापैकी अनेकांना निव्वळ तांत्रिक वाटण्याचा संभव आहे. परंतु जेथे वस्तू अपुरी असते आणि तिच्यासाठी रांग लागते, तेथे रांगेचे नियम कोणी ठरवायचे हा प्रश्न राजकीयच असतो. रेशनच्या दुकानासमोर उभे राहिलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको.

प्रथम यंत्रणा समजावून घेऊ. जाळ्यातून जाणारा मजकूर, आवाज, चित्रे हे सारे लहान लहान पाकिटांत विभागले जाते. वाटेतील प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र पाकिटावरचा पत्ता पाहून ते पुढे धाडते. पुढच्या तारेच्या कुवतीपेक्षा अधिक पाकिटे आली की रांग लागते. रांगही भरली की उरलेली पाकिटे टाकून दिली जातात. ईमेल चार सेकंद उशिरा पोचले तर कोणाचे काही बिघडत नाही. संभाषणाचे तसे नाही. एका बाजूचा आवाज दुसरीकडे साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. उशीर त्याहून वाढत गेला की दोघेही एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

म्हणून अग्रक्रम ही कल्पनाच त्याज्य आहे, असे आपण म्हणू नये. १९८१ सालच्या इंटरनेटच्या मूळ नियमावलीतच पाकिटाच्या माथ्यावर अग्रक्रमाच्या आठ पायऱ्या नोंदविण्याची सोय होती. आवाजाला ईमेलच्या पुढे जाऊ देणे म्हणजे रुग्णवाहिकेला वाट देणे. प्रश्न पुढेच उद्भवतो. एका कंपनीचा आवाज दुसऱ्या कंपनीच्या आवाजाआधी का जावा?

आपल्यातील वडीलधाऱ्यांना ट्रंक कॉलचे दिवस आठवत असतील. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होते. तार तीच, बोलणेही तेच. आईच्या आजाराची बातमी देऊ पाहणारा गिरणी कामगार आणि बाजारभाव विचारणारा व्यापारी यांच्यात आधी कोणी बोलावे, हे निकड ठरवीत नसे, खिसा ठरवीत असे.

तोच न्याय नव्या जाळ्यात आणण्याचे प्रयत्न आपल्या देशात झाले. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणासाठी निराळा आकार जाहीर केला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच तो मागे घेतला. २०१५ साली ‘एअरटेल झीरो’ योजना आली; पाठोपाठ फेसबुकचे ‘फ्री बेसिक्स’ आले. गरिबांना काही संकेतस्थळे फुकट मिळत असतील तर समाजवाद्यांनी विरोध का करावा, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. फुकट काय मिळावे याची निवड गरीब माणूस करणार नव्हता. धनिकाला सारे ग्रंथालय आणि गरिबाला मालकाने निवडलेले एक कपाट, अशी ती वाटणी होती.

दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ट्रायला ईमेल पाठविले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. जुलै २०१८ मध्ये सरकारने मजकूर अडविणे, मंदावणे वा पुढे काढणे यांवर परवान्याच्या अटींद्वारे बंदी घालण्याचे तत्त्व स्वीकारले. वाजवी वाहतूक-नियमनाला सवलत ठेवली. तसेच ‘विशेष सेवा’ वगळल्या, मात्र त्यांच्यामुळे सर्वसामान्य इंटरनेटचा दर्जा खालावता कामा नये, ही अट घातली.

साथींनो, या अटीवर डोळा ठेवणे हे आता आपले काम आहे. ऑक्टोबर २०२२ पासून देशात आलेल्या पाचव्या पिढीच्या तंत्रात एकाच जाळ्याचे स्वतंत्र भाग पाडून प्रत्येकाला वेगळा दर्जा देता येतो. इस्पितळाला वा वीजकेंद्राला असा भाग द्यावा, त्यात गैर काही नाही. परंतु ‘विशेष’ या शब्दाआड उद्या कोणीही पैसेवाला शिरू शकतो. ध्यानात घ्या, अग्रक्रमाने तारेची कुवत तिळमात्र वाढत नाही. कोणी थांबावे एवढेच त्यातून ठरते. आणि गर्दी नसेल तर अग्रक्रम विकत कोण घेईल? जो अग्रक्रम विकतो त्याचे हित गर्दी कायम राहण्यात असते.

मिळविलेला हक्क आपोआप टिकतो, या भ्रमातही राहू नये. अमेरिकेत २०१५ साली केलेला समतेचा नियम २०१७ मध्ये रद्द झाला, २०२४ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो मोडीत काढला.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. अग्रक्रम सेवेच्या प्रकारानुसार द्यावा आणि एका प्रकारातील सर्वांना समान वागवावे. कंपन्यांनी वाहतुकीचे नियम जनतेपुढे उघड मांडावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, सार्वजनिक पैशाने जाळ्याची कुवत वाढवावी. ग्रामपंचायतींपर्यंत तंतूची तार नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. आपल्या गावात ती तार पोचली का, पोचली असल्यास चालू आहे का, आणि शाळेला व आरोग्यकेंद्राला तिचा उपयोग होतो का, याची चौकशी प्रत्येक कार्यकर्त्याने ग्रामसभेत करावी. रांगेचे नियम न्याय्य असावेत यासाठी झगडू. पण रांगच आखूड व्हावी, हा आपला खरा आग्रह असला पाहिजे.